रविवारी बंद असणारी बेकरी

पुण्याच्या पूर्वेकडील पेठांमध्ये, पंचहौद चर्चचा घंटांचा मनोरा जिथून दिसतो अशा एका गल्लीच्या तोंडाशी, एक जुनी बेकरी आहे. गेली एकोणीस वर्षे आमच्या घरातला पाव तिथूनच येतो. या दुकानाविषयी सविस्तर लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. मालकांना विचारले तेव्हा त्यांनी हरकत घेतली नाही, मात्र दुकानाचे नाव घालू नये एवढी विनंती केली. "ख्रिस्ती माणसाचे दुकान म्हणून कोणी येऊ नये, ताई. पाव चांगला वाटला तर यावे," एवढेच ते म्हणाले. त्यांच्या शब्दाचा मान ठेवून मी त्यांना इथे फक्त काका म्हणणार आहे, आणि गल्लीतही त्यांना सगळे तसेच म्हणतात.

मी स्वतः ख्रिस्ती आहे, हे आधीच सांगितलेले बरे. त्यामुळे या दुकानाविषयी माझ्या मनात आपलेपणा आहे, आणि वाचणाऱ्याने तो हिशेबात धरावा. पण दुसरेही एक कारण आहे. पाव घ्यायला जाताना मी सोबत एक प्रश्न घेऊन जात असते, आणि तो आम्हा मराठी ख्रिस्ती माणसांना रोजच भेटतो. शेजारी हिंदू, जैन, मुसलमान. कचेरीत सत्यनारायण, सोसायटीत गणपती, मैत्रिणीच्या घरी वास्तुशांत. या सगळ्यांत मनापासून मिसळायचे आणि तरी प्रभूशी एकनिष्ठ राहायचे, तर नेमके कुठे थांबायचे आणि कुठे पुढे व्हायचे? योहानाच्या सतराव्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांसाठी प्रार्थना करतो, तेव्हा त्यांना जगातून काढून घे असे तो पित्याला म्हणत नाही. जगात असतानाच त्यांना राख, असे म्हणतो. या वचनावर मी आजवर अनेक प्रवचने ऐकली आहेत. ते आचरणात कसे दिसते, हे मात्र मला या दुकानाच्या काउंटरपाशी उभे राहून अधिक कळले.

आधी मालाविषयी. लादी पाव हा या बेकरीचा खरा मान आहे. वरची साल पातळ, रंग एकसारखा, आतून जाळीदार; आणि मिसळीच्या रश्श्यात बुडवल्यावर त्याचा लगदा होत नाही, ही पुण्यात पावाची खरी परीक्षा. रात्री अकराच्या सुमारास पीठ मळले जाते, पहाटे तीनला गोळे पडतात, साडेपाचला पहिला पत्रा भट्टीबाहेर येतो. मे महिन्यात पीठ भराभर फुगते म्हणून यीस्ट कमी घालावे लागते आणि पाण्यात बर्फ टाकावा लागतो. डिसेंबरात तेच पीठ आळसावते आणि दीड-दोन तास जास्त घेते. हे सांभाळणारे दोन कारागीर उत्तर प्रदेशातून आलेले मुसलमान आहेत. पीठ उठले की ते एकमेकांना "खमीर आ गया" असे सांगतात. आमच्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, स्वर्गाच्या राज्याच्या दाखल्यासाठी नेमका हाच शब्द आहे: बाईने तीन मापे पिठात लपवलेले खमीर. पहिल्यांदा तो शब्द भट्टीजवळ ऐकला तेव्हा मी क्षणभर थबकले होते. पिठापासून वेगळे ठेवलेले खमीर काहीच करत नाही, आणि पिठात गेलेले खमीर दिसत नाही, पण रात्रभरात सगळे पीठ उचलते.

खारी उत्तम आहे. पापुद्रे सुटे होतात, टाळूला तूपकट थर चिकटत नाही, आणि चहात दोन सेकंद तग धरते. जिरा बटर आणि टोस्ट चांगले आहेत. नानकटाई दिवाळीच्या आसपास घ्यावी, कारण तेव्हा ती रोज ताजी भाजतात. एरवी बरणीतली नरम पडलेली निघण्याचा संभव असतो. श्रूसबरी बिस्किटांसाठी मात्र पुण्यात याहून चांगली ठिकाणे आहेत, आणि काकांना ते ठाऊक आहे. क्रीम रोल फार गोड आहे. पॅटीस दुपारी चारनंतर घेऊ नये. नाताळचा फळांचा केक डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून मिळतो. त्यात रम नसते, मनुका आणि संत्र्याची साल संत्र्याच्या रसात भिजवलेली असते. ज्यांना जुन्या कॅम्पातल्या केकची चव हवी असते त्यांना तो थोडा कोरडा वाटेल. मलाही वाटतो. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी मात्र इथले क्रॉस बन चुकवू नयेत. मसाला बेताचा, आणि वरची क्रॉसची पट्टी साखरेची नसून साध्या कणकेची असते.

दर आसपासच्या दुकानांपेक्षा थोडे जास्त आहेत. त्याचे कारण दुकानात शिरल्याबरोबर दिसत नाही, आत गेल्यावर दिसते. दुकानाच्या दर्शनी भागावर क्रूस नाही, भिंतीवर वचनांच्या तसबिरी नाहीत, गल्ल्यावर पत्रिकांचा गठ्ठा नाही. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, काही जणांना हे खटकते. साक्ष उघड असावी, दिवा मापाखाली झाकू नये, असे ते म्हणतात. एकदा पावसात अडकले म्हणून काकूंनी मला आत बसायला बोलावले, तेव्हा तराजूच्या मागच्या खांबावर एक लहानशी चौकट टांगलेली दिसली. गिऱ्हाइकाच्या बाजूने तिची फक्त पाठ दिसते. पुढची बाजू तोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येते, आणि तिच्यात नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायातले पहिलेच वचन आहे, खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो या अर्थाचे. ते वचन गिऱ्हाइकाला ऐकवण्यासाठी तिथे नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटले. दिवा झाकू नये हे खरेच, पण तो आधी आपल्या हातांवर धरायचा असतो, आणि या दुकानात तो तसा धरलेला आहे.

त्या वचनाचा माल विकण्याशी संबंध कसा येतो, ते सांगते. इथला ब्राउन ब्रेड अर्धा गव्हाच्या पिठाचा आणि अर्धा मैद्याचा आहे, आणि तसे फळ्यावर खडूने लिहिलेले आहे. खारीत लोणी नसून मार्गारीन आहे, हेही लिहिलेले आहे. २०१६ साली ब्रेडमधल्या पोटॅशियम ब्रोमेटचा गाजावाजा झाला आणि पुढे त्यावर बंदी आली, तेव्हा काकांनी गिऱ्हाइकांना सरळ सांगितले की आपल्या पिठात ते जात होते, पुरवठादाराच्या मिश्रणातून येत होते, आणि आपण त्याची कधी चौकशी केली नव्हती. शेजारची दुकाने "आमच्यात नव्हतेच" असे म्हणत असताना असे सांगणे धंद्याच्या दृष्टीने शहाणपणाचे नव्हते. पुढचे काही आठवडे पाव कमी फुगलेला मिळाला आणि काही गिऱ्हाइके तुटली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता त्या घटनेविषयी, जिच्यामुळे हा अभिप्राय लिहायचे मी खऱ्या अर्थाने ठरवले.

सहा वर्षांपूर्वी माझ्या कचेरीतल्या एका जैन मैत्रिणीच्या मुलाचा वाढदिवस होता. केक मी नेते म्हणाले आणि या बेकरीतून बिनअंड्याचा केक घेतला. त्या दिवशी काउंटरवर नवीन मुलगा होता. रात्री साडेआठला केक कापला गेला. मुलाच्या आजीने, म्हणजे मैत्रिणीच्या सासूबाईंनी, नातवाने भरवलेला एक घास घेतला होता. तेवढ्यात माझा फोन वाजला. पलीकडे काका होते. "ताई, केक कापला का?" मी हो म्हटले. काही क्षण ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, "डबा बदलला गेलाय. तुमच्याकडे अंड्याचा केक आलाय. कोणी खाऊ नका. मी येतोय."

ते सांगितले नसते तर कोणालाही कळले नसते, हे मला त्याच क्षणी जाणवले आणि खरे सांगायचे तर, त्यांनी सांगितले नसते तर बरे झाले असते, असेही क्षणभर वाटून गेले. आजी काही बोलल्या नाहीत. उठल्या, मोरीत जाऊन चूळ भरली आणि आतल्या खोलीत जाऊन बसल्या. माझी मैत्रीण माझ्याकडे बघेना. पंचवीस मिनिटांत काका स्कूटरवरून आले. अंगावर पिठाचा सदराच होता. दाराबाहेर चपला काढून ते उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले आणि आजी बाहेर आल्यावर हात जोडून म्हणाले, "आई, तुमचं व्रत माझ्या हातून मोडलं. मुलगा नवीन होता असं मी म्हणणार नाही. दुकान माझं आहे." त्यांनी पैसे परत आणले होते, ते मैत्रिणीने घेतले नाहीत. आजींनी त्यांना पाणी विचारले. ते त्यांनी घेतले. दुसऱ्या दिवशी आजींनी उपवास केला, असे मैत्रिणीने मला नंतर सांगितले.

त्यानंतर तीन आठवडे त्या बेकरीत बिनअंड्याचा केक मिळत नव्हता. वेगळी भांडी, वेगळे पत्रे, वेगळा फेटणारा माणूस आणि वेगळ्या रंगाचे डबे अशी सगळी व्यवस्था झाल्यावरच तो पुन्हा सुरू झाला, आणि तेव्हापासून काउंटरवर एक पाटी आहे: बिनअंड्याच्या मालाची भांडी वेगळी आहेत, भट्टी मात्र एकच आहे, ज्यांना हे चालत नसेल त्यांनी कृपया घेऊ नये. ही पाटी वाचून परत जाणारी माणसे मी पाहिली आहेत. भट्टीची गोष्ट लिहायला त्यांना कोणी भाग पाडले नव्हते. डब्यावरच्या हिरव्या खुणेसाठी पदार्थात अंडे नसणे पुरेसे असते, भट्टी कोणती हे कोणी विचारत नाही. पण आपले गिऱ्हाईक काय मानते, हे जाणून घेऊन ते त्याच्या बाजूने पाळणे हा काकांना स्वतःच्या विश्वासाचाच भाग वाटतो. मी एकदा विचारले की अंड्यात पाप आहे असे आपण मानत नाही, मग एवढे कशाला? तेव्हा ते बायबलातल्या प्रेषित पौलाच्या पत्राकडे वळले. मूर्तीला वाहिलेल्या मांसाविषयी करिंथच्या मंडळीला लिहिताना पौल म्हणतो की मला सर्व काही खाण्याची मोकळीक आहे, पण माझ्या मोकळिकीने भावाला ठेच लागत असेल तर मी मांसाला शिवणार नाही. "तो भाऊ मंडळीतलाच असावा असं मी धरत नाही," काका म्हणाले आणि टोस्टचे पत्रे काढायला आत गेले.

पुण्याच्या या भागात या गोष्टीला आणखी एक संदर्भ आहे. बेकरीपासून चालत गेले तर पाच मिनिटांवर पंचहौद मिशनची वास्तू आहे. तिथे १८९० साली एका व्याख्यानाला पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी जमली, मिशनरी लोकांनी त्यांच्यापुढे चहा आणि बिस्किटे ठेवली, काहींनी ती घेतली, काहींनी नुसता कपाला हात लावला. आणि मग आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनी ही बातमी वर्तमानपत्रातून फोडली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक त्या मंडळींत होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ख्रिस्ती हातचे घेतले म्हणून ग्रामण्य, म्हणजे जातीतून बहिष्काराचा वाद, झाले, घरोघरी भांडणे लागली आणि रानड्यांनाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्याच्याही आधी, १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश करताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन जातिभेद झुगारल्याची खूण द्यावी लागे. पुढे ख्रिस्ती झालेले बाबा पदमनजी याच सभेत होते. वसईकडे तर फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला आणि गाव बाटले, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. म्हणजे ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव आपल्या महाराष्ट्रात कधी साधा पाव नव्हता. तो बाटण्याची खूण होता, किंवा बंडाची.

आज सकाळी सात वाजता या दुकानासमोर टिळा लावलेले, टोपी घातलेले, गळ्यात माळ असलेले, सगळे एकाच रांगेत उभे असतात आणि पावाला पाव म्हणून घेऊन जातात, ही मला लहान गोष्ट वाटत नाही. आणि हे घडले ते कोणाची श्रद्धा पातळ झाली म्हणून नव्हे. आजींनी उपवास केला, तो त्यांच्या धर्माप्रमाणे. काका दाराबाहेर उभे राहिले, ते आमच्या. दोघांनीही आपापले काही सोडले नाही. साडेतीन महिन्यांनी त्याच आजींकडून खारीचा निरोप आला. आता महिन्यातून दोनदा मी ती घेऊन जाते.

या दुकानाच्या काही नियमांशी मी सहमत नाही, तेही लिहायला हवे.

रविवारी बेकरी पूर्ण बंद असते. रविवार हा मिसळीचा, पाहुण्यांचा, सर्वांत जास्त पाव खपण्याचा दिवस, आणि त्या दिवशी भट्टी थंड. शनिवारी संध्याकाळी दुप्पट माल निघतो, तरी सातच्या आत लाद्या संपतात. मला स्वतःला वाटते की उपासना आटोपल्यावर दुपारी दुकान उघडले तर शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, मोडणार नाही. शब्बाथ माणसासाठी झाला, असे प्रभूच म्हणाला आहे. काकांचे उत्तर कारागिरांकडे बोट दाखवते: रात्री अकरापासून पीठ मळणाऱ्याला आठवड्यातून एक अख्खी रात्र झोप मिळावी, आणि ती मालकाच्या मर्जीवर न राहता नियमाने मिळावी. दहा आज्ञांपैकी चौथ्या आज्ञेत विश्रांती एकट्या मालकाला नाही. दासाला, दासीला, वेशीच्या आत राहणाऱ्या परक्यालाही आहे, याची त्यांनी मला आठवण करून दिली. इथे मी निरुत्तर झाले, तरी रविवारी सकाळी पाहुणे आले की माझी पंचाईत होते ती होतेच. शुक्रवारी दुपारी कारागीर नमाजाला जातात तेव्हा काउंटर काकू सांभाळतात आणि दीड तास भट्टीचा माल निघत नाही; रमजानात मळणीची वेळ पुढे सरकते आणि पहिली लादी सव्वासहाला येते. नवीन गिऱ्हाइकांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरा मुद्दा वर्गणीचा. गणपतीच्या आधी मंडळाची मुले पावतीपुस्तक घेऊन येतात. काका पूजेसाठी आणि सजावटीसाठी पैसे देत नाहीत. मंडळाच्या रक्तदान शिबिराला येणाऱ्यांची बिस्किटे त्यांची असतात, आणि विसर्जनाच्या रात्री कार्यकर्त्यांसाठी पावाचे आणि खारीचे ट्रे त्यांच्याकडून जातात. पुण्याची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तेव्हा पहाटे चार वाजता ढोल खाली ठेवून मुले याच ओट्यावर बसून खातात. एका वर्षी नव्याने आलेल्या एका कार्यकर्त्याला हे पटले नाही. तो बराच मोठ्याने बोलला, आणि गल्लीत दोन दिवस ताण होता. मी तेव्हा काकांना म्हटले होते की पाचशे रुपयांची पावती फाडा आणि मोकळे व्हा. त्याने तुमचा विश्वास जाणार नाही. त्यांनी ऐकले नाही. मंडळाचे जुने अध्यक्ष स्वतः आले, त्या मुलाला बरोबर घेऊन आले आणि म्हणाले, "यांनी तीस वर्षांत पावती घेतली नाही आणि तीस वर्षांत विसर्जनाला चुकले नाहीत. जो नाही म्हणायचं तिथे नाही म्हणतो, त्याचं हो खरं असतं." मी त्या वेळी पाव घ्यायला उभी होते. माझा सल्ला चुकीचा होता, असे मी आजही पूर्णपणे म्हणणार नाही, कारण प्रत्येक गल्लीला असे अध्यक्ष मिळत नाहीत, आणि जिथे मिळत नाहीत तिथे एकट्या पडलेल्या ख्रिस्ती कुटुंबाला दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण पावतीचे पैसे देऊन सुटका करून घेणे आणि पहाटे चार वाजता ट्रे घेऊन उभे राहणे, यांत शेजारधर्म कोणता, हे मला तेव्हा समजले.

प्रसादाच्या बाबतीत काका आणि आमच्या मंडळीतली बरीच माणसे यांच्यात मतभेद आहेत. शेजारच्या घरून आलेला मोदक ते दोन्ही हातांनी घेतात. आमच्यातले पुष्कळ जण घेत नाहीत, आणि तेही विश्वासापोटीच घेत नाहीत. पौलाच्या त्याच पत्राचा, मूर्तिपूजेपासून दूर राहा असे सांगणारा दहावा अध्याय ते दाखवतात. मी लहान असताना आई प्रसाद घ्यायची नाही, पण नुसती नाकारायचीही नाही. ती शेजारणीला आत बोलावून चहा करायची आणि सरळ सांगायची की आमच्यात हे चालत नाही, तुम्ही मात्र बसा. शेजारीण बसायची. या बाबतीत एकच रीत सगळ्यांवर लादू नये, असे माझे मत आहे, आणि काकांनी ती कोणावर लादलेली मी पाहिली नाही. दुकानात काम करणारा आमच्याच मंडळीतला एक तरुण प्रसाद घेत नाही. तो आला की काका मोदकाचे ताट आतल्या खोलीत ठेवतात.

सर्वांत सुंदर दिवस मात्र पालख्यांचे. ज्येष्ठात तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात आणि ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत मुक्कामाला असते, आणि या पेठांतले एकही घर, एकही ओटा तेव्हा रिकामा नसतो. बेकरीचा ओटा मोकळा केला जातो, आतल्या पिठाच्या खोलीत सातारा आणि बीडकडच्या बायका झोपतात. पहाटे निघताना प्रत्येकीच्या पिशवीत टोस्टचा पुडा असतो, कारण टोस्ट पावसात आठ दिवस टिकतो. मागच्या खेपेला एका म्हाताऱ्या बाईंनी काकूंना विचारले, "बाई, तुमी किरिस्ताव ना? मग आमचं कसं काय?" काकू म्हणाल्या, "आमच्या टिळकांनी म्हटलंय, मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो. ज्या पुलावरून आलो तो पूल झाडून ठेवायला नको का?" रेव्हरंड नारायण वामन टिळकांची ती आठवण आमच्या घरांत अजून सांगितली जाते. त्या बाईंना टिळक कोण ते ठाऊक नसावे. पण तुकोबांचे नाव ऐकून त्यांनी काकूंच्या पायांना हात लावला, आणि काकूंनी घाईने वाकून त्यांच्या पायांना.

काकांना कोणी विश्वासाविषयी विचारले तर ते टाळत नाहीत. रविवारी दुकान बंद का, असे शाळेतल्या एका मुलाने माझ्यासमोर विचारले होते. "रविवारी आम्ही देवाला भेटायला जातो," ते म्हणाले. मुलगा म्हणाला, "मग रोज का नाही जात?" काकांनी त्याच्या हातात सुटे पैसे मोजून दिले, एक नाणे जास्त आले होते ते परत काढून घेतले, आणि म्हणाले, "रोज तो इथं येतो."

आता व्यवहाराच्या काही गोष्टी. घरपोच सेवा नाही. मोबाइलवरून पैसे चालतात, पण सकाळच्या गर्दीत सुटे दिले तर लवकर सुटका होते. वाढदिवसाच्या केकची मागणी दोन दिवस आधी द्यावी, नाव कागदावर स्वच्छ लिहून द्यावे, कारण वेलांटी-उकाराच्या चुका अजूनही होतात. माझ्या भाचीचे नाव मागच्या वर्षी ऱ्हस्व झाले होते. बिनअंड्याचा केक निळ्या डब्यात मिळतो, डबा दुसऱ्या रंगाचा असेल तर तिथेच विचारावे. शिळा पाव दुसऱ्या दिवशी अर्ध्या किमतीत वेगळ्या टोपलीत असतो आणि त्यावर "कालचा" अशी चिठ्ठी असते. त्याचा टोस्ट घरी चांगला होतो. लादी हवी असेल तर सकाळी सात ते नऊ, आणि शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत जावे. कापडी पिशवी न्यावी, गरम पाव प्लास्टिकमध्ये बांधून द्यायला काकू नाही म्हणतात.